कपाळावरची पेन्सिल

३ मार्च

ती. मामास,
शि. सा. न. वि. वि.

घाईघाईत लिहितेय, अक्षर वाकडंतिकडं आलं तर हसू नकोस. काल आपल्या नदीपलीकडच्या वस्तीतले चाळीस जण सार्वजनिक वाचनालयाच्या पायऱ्यांवर पुस्तकं उघडून बसले. नगरपालिकेच्या नियमाने आत आपल्या वस्तीला मज्जाव, म्हणून बाहेर वाचायचं आणि तोंडातून ब्र काढायचा नाही, असं ठरलं होतं. मी समोर बाबांच्या स्टुडिओतला मोठा कॅमेरा लावून उभी. पहारेकरी धावून आले. एक काठी आईच्या कपाळावर बसली, रक्त भुवईवरून ओघळलं, तरी ती जागची हलली नाही. तुझीच बहीण! आणि मामा, तो क्षण मला मिळाला!

आज इथल्या वर्तमानपत्रात छापलंय की वस्तीवाल्यांनी दगडफेक केली. आईसह बारा जणांवर खटला भरलाय. बारा तारखेला सुनावणी, आणि आरोप शाबीत झाला तर सहा महिने तुरुंग. माझ्या फोटोची प्रत बाबांनी काढली, ती सोबत पाठवतेय. टपालाची वेळ चुकेल म्हणून फोटोचं पाकीटही त्यांनीच बंद केलं, मी पाहिलासुद्धा नाही. आईला चार टाके पडलेत, पण सगळ्यांवर ओरडतेय, म्हणजे बरी आहे. तू शहरातल्या दैनिकाच्या फोटो विभागातला एवढा मोठा साहेब, आता काहीतरी कर.

तुझ्या लोभावर हक्क सांगणारी,
खारूताई

६ मार्च

चि. खारूताईस,
अनेक आशीर्वाद.

फोटो पाहून अंगावर काटा आला. पोरी, शाब्बास! पण संपादकांनी भिंग लावलं आणि विचारलं, रक्त कुठंय? कपाळ अगदी लग्नाच्या फोटोतल्यासारखं गुळगुळीत. पहारेकरी म्हणतील, आम्ही नुसती काठी उगारली. शिवाय फोटोवर हात फिरवलाय हे त्यांना कळलंच. असा फोटो ते छापणार नाहीत.

तो हात कुणाचा हे मी लगेच ओळखलं. भाऊजी चाळीस वर्षं निगेटिव्हवर पेन्सिल फिरवून गिऱ्हाइकांच्या पुटकुळ्या घालवतायत. माझ्या नाकावरचा मसही त्यांनीच पुसला होता, तेव्हा मी खूश झालो होतो. आता मात्र डोक्याला हात लावला. निगेटिव्ह जशी आहे तशी इकडे येऊ दे. भाऊजींवर चिडू नकोस.

तुम्हा सगळ्यांच्या काळजीत,
मामा

८ मार्च

ती. मामास,
शि. सा. न. वि. वि.

चिडले, खूप चिडले. बाबा खाली मान घालून ऐकत राहिले. मग म्हणाले, आपली माणसं निदान कागदावर तरी धड दिसावीत म्हणून जन्मभर हेच केलं. आणि तिचं रक्त तर बघवतच नव्हतं. माझा राग तिथल्या तिथे विरघळला. आई मात्र विरघळली नाही. तिने सुनावलं की मार मी खाल्लाय, तो लपवायचा की दाखवायचा हे मी ठरवणार.

बाबा उद्या सकाळच्या बसने स्वतः निघतायत. निगेटिव्ह बिस्किटांच्या डब्यात, टर्पेंटाइनची बाटली खिशात. पेन्सिल संपादकांच्या डोळ्यांदेखत पुसणार म्हणतात. त्यांना बस लागते, उतरवून घ्यायला जा; पत्र उशिरा पोचेल म्हणून तशी तारही केलीय.

तुझ्या पत्राकडे डोळे लावून बसलेली,
खारूताई

१० मार्च

चि. खारूताईस,
अनेक आशीर्वाद.

छापला! पहिल्या पानावर, पाच कॉलम! भाऊजींनी कापसाचा बोळा फिरवला, आम्ही लगेच प्रत काढली. कागदावर रक्ताची ती रेघ हळूहळू उमटली तेव्हा संपादक स्वतः पुढे वाकून बघत होते. भाऊजींनी सगळ्यांसमोर कबूल केलं की चूक माझी आहे. मग कोपऱ्यात जाऊन रडले. दुपारपर्यंत अंक संपले. आणखी तीन वर्तमानपत्रांनी फोटो मागितलाय, आणि एका मोठ्या वकिलांनी आपणहून खटला घेतलाय. ताईला सांग, तिचा धाकटा भाऊ आज ऑफिसात छाती काढून फिरतोय.

आनंदाने वेडावलेला,
मामा

१९ मार्च

ती. मामास,
शि. सा. न. वि. वि.

तार मिळालीच असेल, बाराही जण सुटले! न्यायाधीशांनी फोटो हातात धरून पहारेकऱ्यांना विचारलं की यात दगड कुठे आहेत ते दाखवा. त्यानंतर रोज पायऱ्यांवर माणसं वाढत गेली, परगावचीसुद्धा. काल नगरपालिकेने तो नियमच काढून टाकला.

हे पत्र मी वाचनालयाच्या आतल्या टेबलावरून लिहितेय. समोर आई जाडजूड पुस्तकात बुडालीय. बाबांना राहवेना, ते मोठमोठ्याने कपाटांवरची नावं वाचत सुटले. ग्रंथपाल तरातरा आले. हाकलले जायच्या सवयीने आई आणि मी उठून उभ्या राहिलो, बाबाही दाराकडे वळले. ते एवढंच म्हणाले, जरा हळू बोला, लोक वाचतायत.

तुझीच,
खारूताई