आलमारीची पाठ

माय, पलंगभर कपडे पडले आहेत, कपाट सताड उघडं आहे आणि त्या ढिगाऱ्यात जागा करून मी तुला लिहायला बसले आहे. तू गेल्यावर इतक्या वर्षांत तुला कधी लिहिलं नाही. आज हाताला काहीतरी काम हवं आहे, नाहीतर मी परत उठून ते कपाट ठोकत बसेन.

सकाळपासून मला ते धान लावायचे, रोवण्याचे दिवस आठवत आहेत. नव्व्याण्णवचा पावसाळा असावा. अर्जुनी मोरगावच्या आपल्या मातीच्या घरात, मधल्या खोलीत, तुझ्या वडिलांनी लग्नात दिलेली सागवानी आलमारी भिंतीला टेकून उभी होती. तिच्या दाराचा पल्ला एका बोटानं लागायचा. त्या पावसाळ्यात तो उचलून लावावा लागू लागला. आमचं कोणाचं लक्षही गेलं नाही. तू मला सारवलेल्या जमिनीवर पल्ल्यानं ओढलेली अर्धगोल रेघ दाखवलीस. मग फळी मधोमध वाकली आणि दोन्हीकडची लुगडी मधे घसरू लागली. एक दिवस तू घडीचं लुगडं नाकाशी धरून कितीतरी वेळ उभी राहिलीस. कापूर ठेवूनही ओल्या मातीचा वास येऊन राहिला, म्हणालीस. बाबा म्हणत, पावसात लाकूड फुगतेच, दिवाळीपर्यंत वाळून जाईल. फुगलेला पल्ला सगळीकडून अडकला असता, हा एका कोपऱ्यावर खाली बसला आहे, असं तू त्यांना समजावू पाहायचीस. पण शेतावर बांधीत बायका लागल्या होत्या, त्यांना पुरतं ऐकायला वेळ नव्हता. तुले तं सगळीकडं उधईच दिसते, एवढं बोलून ते सायकल काढायचे. माझी मुलगी वाळवी म्हणते, तिला आपला शब्द ठाऊक नाही.

तुला चैन नव्हतं. चुलीवर भात ठेवून तू मधल्या खोलीत जायचीस आणि उलथण्याच्या मुठीनं आलमारी ठोकायचीस. पुढून आवाज टणक यायचा, बाजूनं मागं मागं जाताना बसका होत जायचा. तेवढ्यात भात खाली लागायचा. शेजारची काकू मला म्हणाली होती की तुझ्या मायच्या डोक्यात आलमारी शिरली. मला तुझी लाज वाटायची आणि रागही यायचा.

मग त्या दुपारी बाबा बांधीत असताना तू सगळं बाहेर काढलंस. मी आणि भाऊ दारापुढच्या छपरीतल्या खाटेवर कपडे नेऊन टाकतो आहोत, तू काकूला हाक मारतेस, दोघी मिळून आलमारी पुढं ओढता. मागची फळी तिच्याबरोबर आलीच नाही. कागदासारखी फाटून अर्धी भिंतीलाच राहिली. काकू तळाच्या कप्प्यातल्या खाल्लेल्या लुगड्यांसाठी हळहळली, पण तू खाली पाहतच नव्हतीस. भिंतीवर मातीच्या नळ्या चढत गेल्या होत्या आणि तुझी नजर त्यांच्यामागून वर वर जात होती, थेट छपराच्या कवेलूंचा भार पेलणाऱ्या आडव्या मयालीपर्यंत. तिच्याच खाली आम्ही दोघं झोपायचो. तू बांबू आणून मयालीत टोचलास. तो आत गेला. भुसा आणि माती तुझ्या केसांवर पडली. तू आमची अंथरुणं उचलून छपरीत नेलीस.

संध्याकाळी बाबा भिजून आले आणि खाटेवरचा पसारा पाहून भडकले.

"काऊन उपसलं सारं? रोवणे चालू आहेत, अन् तू हे काय करून राहिली?"

"आलमारी राहू द्या," तू म्हणालीस. "पोरं झोपतेत तिथं वरती बांबू टोचून पाहा."

त्यांनी टोचून पाहिलं. मग चिखलाच्या पायांनी तसेच उंबऱ्यावर बसले. म्हणाले, "उद्या मी रोवण्यावर जात नाही."

दुसऱ्या दिवशी सुतार आला, कवेलू उतरवले, मयाल बदलली. जुनी अजून किती टिकली असती, असं बाबांनी विचारलं, तर तो म्हणाला, सांगता येत नाही, टिकलीही असती. बाबा आलमारी चुलीत घालायला निघाले होते. तू ऐकलं नाहीस. पुढचं सागवान धड होतं, पाठ आणि तळ तेवढा गेला होता. नवी पाठ बसवून, खाली विटा देऊन, तू ती भिंतीपासून दूर उभी करवलीस. मागं हात गेला पाहिजे, म्हणालीस. आणि मग मरेपर्यंत तो हात घालत राहिलीस. सडक अर्जुनीला मावशीकडं गेलो की चहा यायच्या आत तिच्या आलमारीमागं तुझा हात असायचा.

आता मी गोंदियात तिसऱ्या मजल्यावर राहते. कपाट भिंतीतच बसवलेलं, प्लायवूडचं. पावसाळा लागल्यापासून त्याचं दार बोटभर उघडं राहायचं. मी येता-जाता लोटायची, ते परत यायचं. ऑफिसात बसूनही मला ती फट दिसायची. नवरा म्हणाला, दाराचा कब्जा ढिला झाला, स्क्रू कसून देतो. मी त्याला हात लावू दिला नाही. आज सुटी पाहून सगळं बाहेर काढलं, प्रत्येक फळी ठोकली, कोपऱ्यांत टॉर्च मारला, कपड्यांचा वास घेतला. मुलगी दारात येऊन उभी राहिली.

"आई, तू काय शोधून राहिली?"

काही नाही, म्हणाले. आणि खरंच काही नव्हतं. पाठ कोरडी होती, आवाज सगळीकडं सारखा होता. शेवटी नवऱ्यानं वरच्या कब्जाचा स्क्रू कसला आणि दार लागलं. तो हसलासुद्धा नाही, चहा ठेवायला निघून गेला. मीच ते परत उघडलं.

मला हायसं वाटायला हवं होतं. पण माय, शेवटची फळी ठोकताना उधई निघावी असं मला वाटत होतं. घरात कोणाला हे सांगितलं नाही.