लाल क्लिप कोणत्या हाताला

४ मार्च

चि. ठकूस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र परवा आलं. उत्तराला दोन दिवस लागले, कारण पेन हातात घेतलं की डोळे मिटतात. ईसीजीच्या खोलीत बत्तीस वर्षं उभी होते, तेव्हाही इतकी दमत नव्हते. आता दुधाची पिशवी घेऊन जिना चढताना दोनदा टेकते. वय झालं, दुसरं काय.

नोकरीला लागून महिना झाला तरी ईसीजीच्या कागदावरच्या बारा लीड, त्या बारा नागमोडी रेघा, बघून घेरी येते म्हणतेस. अगं, हृदय एकच. विजेची एकच लहर वरच्या कप्प्यांतून खालच्या कप्प्यांत उतरते. तिच्याकडे बारा जण बारा जागांवरून बघतात आणि नातेवाइकांसारखं प्रत्येकाला वेगळंच दिसतं. पहिल्या लीडमध्ये सगळं वर तोंड करून उभं हवं. एव्हीआर ही लीड म्हणजे आपले मोठे काका, त्यांना सगळं उलटंच दिसायचं. ते कधी सरळ बोलले तर समजावं, कुठेतरी पाणी मुरतंय. आधी लहान उंचवटा, मग उंच टोक, मग गोल टेकडी. प्रत्येक उंचवट्यामागे टोक आलंच पाहिजे. आणि तारा लावताना माझी रीत सोडू नकोस. पलंगाच्या पायथ्याशी उभं राहायचं आणि लाल क्लिप आपल्या डाव्या अंगाला लावायची, म्हणजे ती पेशंटच्या उजव्या हातालाच बसते.

सरावासाठी एक कागद सोबत ठेवलाय. चौसष्ट वर्षांच्या बाईचा आहे. पहिल्या लीडवरून मला तरी मोठा झटका येऊन गेलेला दिसतो. कुणाला काही सांगायचं नाही असं बाईने ठरवलंय. या वयात कोण कापाकापी करून घेणार? तू आपली अभ्यास म्हणून बघ.

माझं ईसीजीचं यंत्र येऊन घेऊन जा. लोकांना निरोपाला घड्याळ मिळतं, मला भंगारात निघालेलं यंत्र मिळालं. लोभ आहेच, तो पत्राच्या लांबीवर मोजू नकोस.

तुझी आत्या

९ मार्च

ती. आत्यास सा. न. वि. वि.

कागद आज दुपारी डबा खाताना उघडला आणि आधी हसलेच. पहिली लीड चक्क खाली डोकं वर पाय. एव्हीआरवाले मोठे काका सरळ बोलतायत. छातीच्या सहा लीड मात्र जागच्या जागी. म्हणजे हृदय डावीकडेच आहे आणि झटकाबिटका काही नाही, हातांच्या तारा उलट्या लागल्यात. कुठल्या शिकाऊ मुलीचा प्रताप, असं लिहिणार होते.

मग कागदाच्या खालच्या कडेची ती फिकट काळी रेघ दिसली. लहानपणी तुझ्या यंत्राच्या उरलेल्या कागदांवर मी चित्रं काढायचे, तेव्हा ती रेघ प्रत्येक चित्रात यायची. आत्या, घास हातातच राहिला. तू स्वतःच आडवी झालीस, स्वतःच तारा लावल्यास आणि सवयीने लाल क्लिप आपल्या डाव्या हाताला लावलीस. पायथ्याशी उभं राहायला तू दोन ठिकाणी कशी असणार?

आणि पहिली लीड बघून घाबरून कागदाची घडी घातलीस. छातीच्या लीड नीट बघितल्याच नाहीस. दोन उंचवटे येतात आणि टोक एकच. दर दुसरा ठोका वाटेतच अडतोय. मिनिटाला अडतीस ठोके, आत्या. जिन्यात टेकायला लावतं ते हे, वय नव्हे. पेसमेकर बसतो यावर. आमच्या डॉक्टरांनाही दाखवलं, ते म्हणाले की उद्याच दाखल करा. मला तुझा फार राग आलाय, आणि भीती त्याहून जास्त वाटते.

फोनवर तुला ऐकू येत नाही, म्हणून शेजारच्या शिंपीकाकांना सगळं सांगितलंय. ते उद्या सकाळी गाडी घेऊन दाराशी येतील. हे पत्र मागून येईल, फक्त भांडायला. शनिवारी मी पोचते. तोवर लोभ असू दे, निदान माझ्यापुरता जीव तरी.

तुझी ठकू

२० मार्च

चि. ठकूस अनेक आशीर्वाद.

तू परत गेलीस आणि घर पुन्हा गप्प झालं. तुझं भांडखोर पत्र शिंपीकाकांनी वॉर्डात आणून दिलं होतं, तू येऊन जाईपर्यंत उशीखाली दडवलं. काल ते पुन्हा वाचलं. एका लीडवरून कधी निदान करू नये, हे मी किती पोरींना दरडावून शिकवलं! स्वतःची वेळ आली आणि शहाणपण गेलं पाण्यात. दमणूक हीच आता आपली सोबतीण असं धरून बसले होते मी. पेसमेकर बसला, आणि काल दुधाची पिशवी घेऊन न टेकता वर आले. वर पोचल्यावर सवयीने थांबले, मग कशाला थांबलेय तेच कळेना.

एक गोष्ट तुला तोंडाने सांगता आली नाही. दाखल झाले तेव्हा ईसीजी काढायला तुझ्याच वयाची एक मुलगी आली. ती काही पायथ्याशी उभी राहिली नाही. जवळ आली, माझं मनगट हातात धरलं, हा उजवा ना आजी, असं मलाच विचारलं आणि मग लाल क्लिप लावली. तूही यापुढे तसंच करत जा, माझी रीत सोड. मग छातीला जेल लावताना म्हणाली, जरा गार लागेल हं. बत्तीस वर्षं हे वाक्य मी रोज म्हटलं, मला कुणी कधी म्हटलं नव्हतं. मला रडू आलं. तिला वाटलं, जेल फारच गार आहे.

यंत्र न्यायला ये. विसरून गेलीस तरी चालेल, म्हणजे पुन्हा यावं लागेल.

तुझी आत्या