अजून थोडे जवळ

घिवली,
ता. ४ जानेवारी १९६८

चि. सौ. सुलूस मामाचे अ. उ. आ.

तुझे पाकीट काल दुपारी मिळाले. फोटो घेऊन तसाच वाडीत उजेडात गेलो. ताट वाढून ठेवलेले तसेच राहिले, म्हणून तुझी मामी अजून फुरंगटलेली आहे.

आधी चांगले सांगतो. मुरब्याच्या खाडीतल्या ओल्या चिखलावरचा उजेड तू नेमका पकडला आहेस. मला तो कधी जमला नाही. शाळेच्या स्नेहसंमेलनाच्या फोटोंत सगळ्यांची डोकी कापणारी मुलगी ती हीच का, असे मामीने विचारले.

आता खरे सांगतो. हे चमचे आहेत असे तू लिहिले नसतेस, तर मी ते वाळत घातलेले धुणे समजलो असतो. चमच्या पक्ष्याची सगळी गंमत त्याच्या पळीसारख्या चपट्या चोचीत, आणि तीच दिसत नाही. पांढरा रंगही उन्हात जळून गेला आहे. भिंगाचे छिद्र आणखी लहान कर. आणि जवळ जा, सुलू. अजून थोडे जवळ. मी तुला घडीचा कॅमेरा दिला तो उगीच नाही. माझ्या गुडघ्यांत आता चिखल तुडवण्याची ताकद नाही, तुझ्यात आहे.

इकडे वीजकेंद्राच्या बांधकामाकडे जाणाऱ्या ट्रकांची धूळ वाडीतल्या पानापानावर बसते. तरी आमच्या आंब्याच्या रोपाला शिंपी पक्ष्याने पान शिवून घरटे केले. फोटो सोबत आहे. भीड न धरता काय ते लिही.

छबूला पापा, जावईबापूंना आणि विहीणबाईंना नमस्कार. जीव लावतेसच, तो असाच राहू दे.

तुझा,
आत्माराममामा

पालघर,
१३ जानेवारी १९६८

ती. मामांस सुलूचा सा. न. वि. वि.

धुणं! वाचून आधी राग आला. मग फोटो पुन्हा पाहिला आणि हसूच आलं. खरंच धुणं आहे.

तुमच्या शिंप्याचं घरटं सुरेख आलंय, पानाचे टाकेसुद्धा दिसतात. पण त्या घराचा मालक कुठाय? मला नुसती शेपटी दिसली. मी धुणं काढते, तुम्ही शेपट्या काढता, आपलं बरं चाललंय. पक्षी घरट्यात शिरताना नका काढू मामा, बाहेर डोकावेपर्यंत थांबा.

हल्ली माझं कशात लक्ष लागत नाही. तव्यावर पोळी असते आणि मी खिडकीतून आभाळ बघते. परवा एक पोळी पार कोळसा झाली. सासूबाई म्हणाल्या की बाईच्या जातीला हे वेड परवडत नाही. त्या वाईट बोलत नाहीत, छबू लहान आहे, घरात कामं पडलेली असतात. पण चमचे हिवाळ्यापुरते आलेत. एक दिवस उठतील आणि निघून जातील, मग मी वर्षभर काय करू?

माझी शाळेतली मैत्रीण मंगला तुम्हाला आठवत असेल. ती मुरब्याचीच, आता तिथंच प्राथमिक शाळेत शिकवते. महिनाअखेरच्या शनिवारी तिच्याकडे जाते आणि रविवारी सकाळी खाडीत उतरते. सातपाटीपर्यंत एस.टी., पुढं खाडी ओलांडायला तरीची होडी आहेच. ह्यांना विचारलं तर ह्यांनी मान हलवली. ती हो होती की नाही ते कळलं नाही, मी हो धरली.

या वेळी चोच दिसेल. रागावण्याइतकी माया आहेच, ती आटू देऊ नका.

तुमची,
सुलू

घिवली,
ता. ८ फेब्रुवारी १९६८

चि. सौ. सुलूस अ. उ. आ.

हे दुसरे कार्ड. पहिल्याचे उत्तर नाही. पोस्टमन दांडी गावाच्या वाटेने येतो, म्हणून मी आता तिकडेच जाऊन उभा राहतो. तो लांबूनच हात हलवतो, म्हणजे काही नाही. माझ्या टीकेने दुखावलीस का? तसे असेल तर भांडण लिही, पण लिही. मुरब्याला गेलीस का? छबू बरी आहे ना? मामी म्हणते की मी उगीच येरझारा घालतो. घालतो खरा. उलट टपाली दोन ओळी पाठव.

वाट पाहणारा,
मामा

पालघर,
ता. १२ फेब्रुवारी १९६८

ती. आत्माराममामा यांस मोरेश्वरचा सा. न. वि. वि.

आपली दोन्ही कार्डे पोचली. सौ.ला बरे नाही म्हणून मी लिहीत आहे. गेल्या महिन्यात मुरब्याला ती बांधावरून खाडीच्या चिखलात बरीच आत गेली आणि मांडीपर्यंत रुतली. अमावस्येचे उधाण होते, पाणी भराभर चढले. मंगलाताई आणि तरीवरचा नावाडी जिवल्या वेळेवर पोचले म्हणून आज मी हे पत्र असे लिहू शकतो. शिंपल्यांनी पाय फाटला, जखम चिघळली, आणि ताप अजून जात नाही. डॉक्टर रोज येतात. धोका टळला असे ते म्हणतात.

मामा, आपण वडीलधारे. लिहू नये, पण लिहितो. जवळ जा म्हणून आपण लिहिलेले पत्र तिने मला कौतुकाने वाचून दाखवले होते. पुन्हा तसे काही लिहू नये ही विनंती. छबू आईजवळ जायला रडते आणि मला कचेरीत बसवत नाही.

राग मानू नये, आशीर्वाद असावा.

आपला नम्र,
मोरेश्वर

घिवली,
ता. १९ फेब्रुवारी १९६८

चि. सौ. सुलूस अ. उ. आ.

जावईबापूंचे पत्र आल्याबरोबर पालघरला येऊन गेलो. तू झोपली होतीस, उठवू दिले नाही. विहीणबाईंनी चहा दिला. कोणी मला काही बोलले नाही, आणि तेच मला जास्त लागले.

तुझे सगळे फोटो छान आहेत. आता कॅमेरा कपाटात ठेव. मीही माझा ठेवला आहे. औषध वेळेवर घे, दूध पी.

मामा

पालघर,
२ मार्च १९६८

ती. मामांस सुलूचा सा. न. वि. वि.

ताप गेला. कालपासून स्वयंपाकघरात लंगडत फिरते आहे. तुमचं पत्र वाचलं आणि दुखण्याहून जास्त वाईट वाटलं. "सगळे फोटो छान आहेत" असं तुम्ही मला कधीपासून लिहायला लागलात? मला धुणं म्हणणारा मामा हवा आहे.

तुमच्या सांगण्यावरून मी आत गेले असं सगळे म्हणतात. तसं नाही. तुम्ही लिहिलं नसतंत तरी गेले असते. त्या दिवशी काय झालं ते कोणाला सांगितलं नाही, तुम्हाला सांगते.

मंगला बांधावर थांबली होती. पुढं जाऊ नको, पाणी फिरलंय, असं ती ओरडत होती. मला ऐकू येत होतं. चमचे समोर होते आणि मी एकेक पाऊल टाकत होते. मग एक पाय वर येईना. तो ओढायला गेले तर दुसराही गेला. मागं वळून पाहिलं तर बांधावर मंगला नाही. मामा, तेव्हा जे वाटलं ते लिहिता येत नाही. छबूची वेणी घालायची राहिली होती, तेवढंच डोक्यात येत होतं. हाका मारून घसा बसला, तशी मी गप्प झाले आणि कॅमेरा छातीशी वर धरून नुसती उभी राहिले.

मी हलत नाही म्हटल्यावर चमचे आले. भरती त्यांनाही माझ्याकडं ढकलत होती. सगळा थवा चोची पाण्यात बुडवून डावी-उजवीकडं हलवत माझ्या भोवतीनं चालला होता. त्या चोचींचा बारीक फुसफुस आवाज ऐकू येत होता. एक तर मागून, बांधाच्या बाजूनं, इतका जवळ आला की त्याचा लाल डोळा दिसला. त्यानं माझ्याकडं पाहिलं आणि पुन्हा खायला लागला. पाणी माझ्या कमरेला लागलं होतं, मामा, आणि मला भीती वाटत नव्हती. रोलमध्ये एकच फोटो उरला होता. कमरेतून मागं वळून मी कळ दाबली.

तेवढ्यात थवा उडाला आणि मागून जिवल्याचा आवाज आला, "बाय, आमी हाय. पाय वडू नको, पोटावर पड." मी पडले. मंगलानं लांब फळी चिखलावर सरकवली आणि स्वतः तिच्यावर पालथी झोपून माझे दंड धरले. बाहेर काढल्यावर तिनं मला एक ठेवून दिली, आणि मग मला मिठी मारून रडली.

रोल ह्यांनीच धुवायला टाकला. मी सांगितलं नव्हतं. काल फोटो आणून माझ्यापुढं ठेवले आणि म्हणाले, "बंद कर म्हणत नाही. एकटीनं उतरायचं नाही, एवढं मला दे." मी दिलं.

तो शेवटचा फोटो पाठवते आहे. मला तो बिघडलेला वाटतो. इतक्या जवळून काढला आणि चोच धुरकट! खरं काय ते लिहा. भीड धराल तर मी तुम्हाला पत्र लिहिणार नाही.

तुमच्याच हट्टाची,
सुलू

घिवली,
ता. ९ मार्च १९६८

चि. सौ. सुलूस मामाचे अ. उ. आ.

पत्र तीनदा वाचले. दोन दिवस उत्तर लिहायला हात धजला नाही. मामीने शेवटी दौत-टाक आणून पुढ्यात ठेवले.

खरे मागतेस म्हणून लिहितो. पक्षी बिघडला आहे. अंतराची कडी तू लांबवर लावलेली होतीस, आणि पक्षी हाताशी आला तरी ती फिरवली नाहीस. म्हणून चोच धुरकट आली. क्षितिजही कलले आहे, पण ते मी मोजत नाही.

परंतु कडी लांबवर होती म्हणून लांबचे सगळे स्वच्छ आले आहे. मी भिंग लावून पाहिले, तूही पाहा. धुरकट चोचीच्या वर, बांधाच्या उतारावर, करंगळीच्या नखाएवढी दोन माणसे धावत खाली येत आहेत. पुढे लुगडे खोचलेली बाई आहे, तिच्या डोक्यावर आडवी फळी. मागे उघडा माणूस, खांद्यावर दोर. बाईचे तोंड उघडे आहे. ती तुझे नाव घेत असणार. मंगला तुला सोडून गेली असे तुला वाटले त्याच घटकेला ती तुझ्याकडे धावत होती, आणि तू कळ दाबलीस.

मामीने पाहिला. ती फोटो घेऊन देवघरात गेली. तिच्याकडून तो परत मिळाला की मोठा करून मंगलाला पाठवीन. जावईबापूंनाही भिंगातून दाखव.

चमचे अजून आठ-पंधरा दिवस असतील. पाय नीट बरा होऊ दे, घाई नको. नाही जमले तर पुढच्या हिवाळ्यात. मीही येईन आणि मंगलाशेजारी बांधावर बसेन. तू मात्र कडी फिरवायला विसरू नकोस.

आज सकाळी कपाट उघडून माझा कॅमेरा पुसला.

वेडा म्हण, पण आपला म्हण.

तुझा,
मामा