सासूबाई पाण्यात उभ्या होत्या

वडवणी, रविवार, संध्याकाळ

बेटावरून परत आले, तरी सासूबाईंचा तो ओला पदर डोळ्यांपुढून हलत नाही. आमच्या दूध संस्थेतल्या बायका जीप करून निघाल्या, तेव्हा सासूबाईंनाही मीच हट्टानं नेलं. जीप बोटीवर चढवून पलीकडे गेलो, वाळूत तंबू ठोकले. उजाडताना बघते तर सासूबाई तंबूत नाहीत. समुद्रात कमरेइतक्या पाण्यात उभ्या, पदर लाटेवर, आणि हाका मारतायत, “सुमे, ये गं!”

सुमी माझी नणंद. दुष्काळात कोरड्या विहिरीत टँकर रिकामा होत होता, तेव्हा काठावरच्या रेटारेटीत ती आत पडली. खाली पाणी घोट्याएवढंच होतं; दगडावर आपटून ती जागीच गेली. तेव्हापासून सासूबाईंनी तिचं नाव घेतलं नव्हतं.

मी हात धरून ओढलं तर म्हणाल्या, “कावून वढतीस? हितं लई पानी हाय. पोरीला दगुड लागायचा न्हाई.”

मीही हाक मारली, “सुमे!” का मारली?

आज घरी मी चहा दिला, तेव्हा त्यांनी हळूच विचारलं, “तुज्या हाकेला तिनं ओ दिली. ऐकलीस न्हवं?”

मी “हो” म्हणाले. त्यांचं मन राखायला म्हणाले, असं लिहिणार होते. पण तसं नाही. मला ऐकू आली होती.