पडद्यावरचं बंद दार

टीचर, मागच्या आठवड्यात तुमचं दार टीव्हीवर दाखवलं. पूर्ण दाखवलं, कोणी कापलं नाही. एवढं तुम्हाला सांगावं म्हणून लिहायला बसले. तुम्ही वारलात हे मला फार उशिरा कळलं. दूर देशात, समुद्राजवळच्या कुठल्याशा गावात, एवढंच. माझ्या डोक्यात मात्र तुम्ही अजून अकोल्याच्या रेल्वे क्वार्टरमध्येच राहता.

तेव्हा अकोल्यात टेलिव्हिजन कोणी पाहिला नव्हता. दिल्लीत शाळेच्या मुलांना म्हणे पेटीतून धडे दाखवतात, असं तुम्ही वर्तमानपत्रात वाचलंत आणि आमच्या कॉन्व्हेंटच्या बालवर्गासाठी तशी पेटी करूनच टाकलीत. संत्र्याचं रिकामं खोकं, पुढे चौकोनी खिडकी, आत वर-खाली दोन लाटणी, आणि त्यांच्यावर गुंडाळलेली, खळीने जोडलेली चित्रांची लांब पट्टी. खोक्यामागे बसून तुम्ही लाटणं फिरवायचात आणि गोष्टही तुम्हीच सांगायचात. दिवाळी येते, ईद येते, नाताळ येतो, वैशाखी पौर्णिमा येते. आणि मग तुमचे सण. फांद्यांचा मांडव घालून त्याखाली जेवणारी माणसं. रथातून आकाशात गेलेला एलियाहू नबी आणि त्याच्या नावाने केलेला मलिदा, गोड पोहे, ओलं खोबरं, भोवती फळं. आम्ही त्या रथाच्या घोड्यांवर खूश असायचो.

तुम्ही कोण, हे गावाला उमगत नव्हतं. पातळ नेसता, कोकणातलं मराठी बोलता, कॉन्व्हेंटात शिकवता, म्हणजे किरिस्तावच, असं सगळे धरून चालायचे. “नाही, आम्ही यहुदी,” हे तुम्ही न कंटाळता सांगत राहायचात. एकदा सणाची रजा संपवून आलात तर शाळेच्या आयाबाईंनी वर्गाच्या उंबऱ्यातच तुम्हाला गाठलं.

“कायचा सण होता वं बाई तुमचा? दिवे नाही, फटाके नाही, गोडधोड बी नाही म्हन्ता.”

“दारफाळणीचा. दार लावून घ्यायचं, पांढरे कपडे घालायचे, दिवसभर उपास. वर्षभरात कोणाशी कसं वागलो ते आठवत बसायचं.”

“अन् घराच्या बाहीर पडाचं नाही?”

“अजिबात नाही.”

“मंग माह्या सासूले लावा या सणाले. बाहीरून कडी मी घालतो!”

तुम्ही एवढ्या हसलात की हातातली छत्री खाली पडली. ती उचलून देताना आयाबाई म्हणाल्या, “आमाले बी इचारतेच ना लोक, बौद्ध झाले म्हंजे काय झाले म्हून. सांगत राहा बाई तुमी. आपुन नाही सांगतलं त कोन सांगन?”

त्याच दिवशी पेटीच्या खिडकीत एक निळं दार आलं आणि लाटणं थांबलं. आम्ही वाट पाहतोय. दार तसंच.

“टीचर, बिघडला?” माझ्या शेजारचा मुलगा विचारतो.

“बिघडला नाही. सण चालू आहे.”

“आत काय करून राह्यले ते?”

“आठवून राह्यले,” तुम्ही त्याच्याच बोलीत सांगता. मला त्या दारामागे तुम्ही दिसता, पांढऱ्या पातळातल्या, एकट्या. सगळ्या गावात त्या दिवशी दार लावून बसलेलं एकच घर. नेमक्या तेव्हाच कॉन्व्हेंटच्या मुख्य मदर आत आल्या. चित्र हलत का नाही, त्यांनी विचारलं. बाकीचं ठेवा, हे काढा. यात मुलांनी पाहण्यासारखं काय आहे? तुम्ही खोक्यामागून उठलात. आवाज चढवला नाहीत. “मदर, माझ्या मोठ्या सणात पाहण्यासारखं एवढंच असतं. घोडे हवे असतील आणि दार नको असेल, तर पेटी मी घरी नेते.” मदर वळून निघून गेल्या. दार राहिलं.

तुम्ही होतात तोवर राहिलं. मग तुमचे भाऊ यहुद्यांच्या नव्या देशात राहायला गेले, बहिणी गेल्या, आणि तुम्हीही निघालात. मी रडायला लागले तर म्हणालात, “नाक पूस. माणसं गाव बदलतात.” मला ते तेव्हा पटलं नाही आणि आज तुमच्याहून म्हातारी झाले तरी पटत नाही. नव्या टीचरनी दाराचा तुकडा कापला आणि पट्टी पुन्हा चिकटवली. जोड जाड झाला होता. दर वेळी तिथे लाटणं अडखळायचं, आणि काय गेलंय ते वर्गात मला एकटीलाच माहीत आहे, असं वाटायचं.

आता मी मुलांच्या शैक्षणिक वाहिनीसाठी लिहिते. मराठी बोलणाऱ्या यहुद्यांच्या सणांचा भाग मीच मागून घेतला. संकलन करणारा तरुण मुलगा भला आहे. “मॅडम, इतका वेळ नुसतं दार? पोरं चॅनल बदलतील. त्यापेक्षा मलिदा वाढवू, रंग छान आलेत.”

“बदलू देत,” मी म्हटलं. “दार काढायचं असेल तर सगळा भाग काढ, आणि माझं नावही.”

“एवढं काय आहे त्या दारात?”

“एक बाई आहे. ती बाहेर येईपर्यंत थांबायचं.”

त्याने वरच्यांना फोन लावला, वरच्यांनी मला लावला. आमच्या भागात यहुदी उरलेत किती, हा प्रश्नही झाला. मी म्हटलं, उरले नाहीत म्हणूनच दाखवायचं. दार राहिलं, टीचर. विदर्भातल्या पोरांनी ते पाहिलं; ज्यांनी चॅनल बदललं त्यांनी बदललं.

हे पत्र कुठे पाठवणार? पाठवता आलं असतं तर त्यात एक गोष्ट आधी विचारली असती. संध्याकाळी दार उघडल्यावर तुम्ही उपास कशाने सोडायचात, हे मला माहीत नाही. ठाण्याच्या एका यहुदी आजींना विचारणार होते, पण त्यांनी सांगितलेलं त्यांच्या घरचं असतं, तुमचं नसतं. म्हणून विचारलंच नाही. कार्यक्रमात ती बाई बाहेर येऊन पायरीवर बसते आणि बशीत ओतून चहा पिते. तेवढं मी मनचं घातलं.