मावशीच्या पेवाचा एक्झिक्युटर

नळदुर्ग, ११ एप्रिल १९४४
लक्ष्मम्मामावशीची माती झाली. मरायच्या आदल्या दिवशी तिनं दोन पंचांसमोर सांगितलं, की परसातल्या पेवात पुरलेला जोंधळा ही आपली जन्माची बचत. रेवणप्पानं पेव उघडून तो शिवकांताला द्यावा. शिवकांता तिची विधवा मुलगी. रेवणप्पा म्हणजे मी. अशा माणसाला इंग्रजीत एक्झिक्युटर म्हणतात. सोलापूरच्या एका वकिलाकडून हा शब्द मी मागंच शिकून ठेवला होता. इथं लोकांचे अर्ज लिहून देणाऱ्या माझ्याशिवाय दुसऱ्या एकाही अर्जनवीसाला तो येत नाही.
जन्माची बचत, आणि खड्ड्यात! अडाणीपणाची किळस येते.

१४ एप्रिल
शिवकांता आली. म्हणाली, अण्णा, पेव आत्ताच उघडू या, मिरगाच्या आधी. थोडा जोंधळा विकते, एक म्हैस घेते, म्हंजे कुणापुढं हात पसराया नको. तिला समजावलं, की अदालतीच्या हुकमाशिवाय एक्झिक्युटरनं दाण्याला हात लावणं गुन्हा आहे. (असेल बहुतेक.) शिवाय लढाईमुळं भाव चढतोय. श्रावणात विकला तर चांदी. त्यातून माझी फी निघेल. निम्मा जोंधळा घेतला तर लोक बोलतील. तिसरा हिस्सा ठीक.

१५ एप्रिल
अदालतीत अर्ज दिला. अदालतीची भाषा उर्दू; ती फर्स्ट क्लास उतरली. माल किती, तिथं ‘चाळीस पोती, अव्वल’ असं लिहिलं. पेवात उतरून कुणी बघितलेलं नाही, पण अर्जाला वजन पाहिजे.

२ मे
चोरांचा भरवसा नाही. आजपासून पेवावर खाट टाकून झोपणार. पण पेवाच्या तोंडावर मातीचा हा एवढा उंचवटा! मावशीनं वर्षानुवर्षं शेणामातीनं लिंपून वाढवलेला. खाट डुगडुगते. खोरं घेऊन सपाट केला. शिवकांता धावत आली, म्हणाली, अण्णा, ते ऱ्हाऊ द्या तसंच. या बायकांना सगळं जग तसंच राहू द्यायचं असतं. अंग मोडून गेलं, पण खाट आता हलत नाही.

११ जून
मिरग जोरात. खाटेवर ताडपत्री ताणली, पण भोवती घोटाभर पाणी. आधी वैताग आला, मग पॉइंट लक्षात आला. आता चोर येतो कसा? आपल्या किल्ल्याला तरी लोकांनी खंदक कशाला खणला?

१२ जून
खंदक रातोरात आटला. सगळं पाणी खाली मुरलं. इथली जमीनसुद्धा कृतघ्न.

३ जुलै
वास. आंबूस. शेजारच्या हणमंतप्पाच्या गोठ्यातून येतो. त्याला तोंडावर सांगितलं, की माणसासारखं राहत जा. तो म्हणाला, गोठा आत्ताच झाडलाय, रेवणप्पा. वास तुमच्या खाटंखालनं येतोय. याला म्हणतात चोराच्या उलट्या बोंबा.

तोच दिवस, संध्याकाळ
घाण. हणमंतप्पा. जेवण गेलं नाही.

१९ जुलै
वास वाढला. हणमंतप्पाच्या नावानं तक्रार अर्ज ठोकला. स्वतःसाठी लिहिल्यामुळं फी मिळाली नाही. नाकाला कापराची पुरचुंडी बांधून झोपतो. गल्लीतल्या बायका माझ्याजवळून जाताना पदर नाकाला लावतात. स्वतः घाणीत राहायचं आणि वर नखरे.
शिवकांता परत आली. म्हणाली, पाया पडते अण्णा, उघडा, आत जोंधळा कुजतोय, घरात दाणा न्हाय. तिला म्हटलं, हुकूम यायचाय. जाताना आमच्या इरम्मानं तिच्या पदरात पीठ घातलं. नवऱ्याला न विचारता! तरी मी बोललो नाही. मन मोठं ठेवलं.

८ ऑगस्ट
हुकूम आला! पाठोपाठ सरकारी धान्यवसुलीचा, म्हणजे लेव्हीचा, कारकूनही आला. माझा अर्ज त्यानं वाचला होता. अव्वल जोंधळ्याची चाळीस पोती, त्यातली आठ सरकारला, उद्याच्या उद्या. मी म्हटलं, आकडा अंदाजाचा आहे. तो म्हणाला, सही तुमचीच न्हवं? असल्या माणसाशी काय बोलणार. चहासुद्धा विचारला नाही.

९ ऑगस्ट
पेव उघडलं. गड्यांनी आत सोडलेला कंदील विझला. मग वास वर आला. हणमंतप्पा ओकला, कारकून ओकला. सगळ्यांत आधी मी. काळा, बुरसलेला लगदा घमेल्या-घमेल्यानं निघत होता. मधोमध तीन पोती भरतील एवढाच जोंधळा धड. म्हातारी माणसं विचारू लागली, तोंडावरचा उंचवटा कुणी काढला, पाणी सगळं आत गेलं की. मी म्हटलं, याची चौकशी झाली पाहिजे. सगळे माझ्याकडं बघत राहिले. नॉनसेन्स.
धड होती ती तीन पोती लेव्हीत गेली. बाकीची पाच माझ्या घरातून. घाण गावाबाहेर टाकायची मजुरीही माझ्याच गळ्यात. मावशीनं मुळात कसला माल भरला होता देव जाणे.
शिवकांता काठावर बसून होती. रडली नाही. ओंजळीत तो लगदा घेऊन नुसती बघत होती. मला तिथं थांबवेना. घरी आलो.

१७ ऑगस्ट
शिवकांता सोलापूरला गेली, गिरणीत काम मिळतंय का बघायला. जाताना माझ्या पाया पडली. म्हणाली, आईच्या मातीला तुमी आला, अण्णा, तेवढं लई झालं. मी हिशेबाची वही उघडून बसलो.
इरम्मानं तिला वाटेसाठी भाकरी बांधून दिल्या. ती वेशीबाहेर गेल्यावर मी इरम्माला म्हटलं, की त्या भाकरी मावशीच्या इस्टेटीच्या खर्चात धरायला हव्यात. एक्झिक्युटरचा व्यवहार स्वच्छ असावा.
तिनं माझ्याकडं बघितलं, माझं अंथरूण उचललं आणि बाहेर ओसरीवर नेऊन टाकलं. कारण विचारलं. म्हणाली, घरात वास येतोय.
दोनदा आंघोळ केली. दार अजून आतून लावलेलंच आहे.