जिन्याच्या खोलीची सावली

मंगळवार, २३ डिसेंबर. चोपडा

मे महिन्यात अक्कांच्या गच्चीवर सोलर पॅनल बसवत होते, तेव्हाच त्या म्हणाल्या होत्या, "पोरी, हिवाळामा आठे सावली पडस." थंडीत रोज तिथे उन्हाला बसणाऱ्या बाईला ठाऊक असणारच. मी मोबाईलवरचा गच्चीचा नकाशा दाखवून, इथे सावली येत नाही म्हणत हसले होते.

वीज कमी येते म्हणून आज त्यांनी बोलावलं. दुपारी तीनलाच जिन्याच्या खोलीची सावली दोन पॅनलवर. अगदी तीच सावली! "ढगाळ असेल," असं तोंडावर आलं होतं. पण म्हटलं, "अक्का, चूक माझी. उद्या पॅनल हलवते."

त्या रागावल्या नाहीत. कोणत्या महिन्यात ऊन कुठवर येतं, ते गच्चीभर फिरवून दाखवत राहिल्या. किती खुलल्या होत्या! हे त्यांना आजवर कुणी विचारलंच नसावं. मी तरी कुठे विचारलं होतं?